आंबेनळीच्या पायथ्याचा भूकंपमापक

महाडच्या एस.टी. स्टँडवर उतरले तेव्हा लोक माझ्या यंत्राच्या खोक्यांपेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होते. एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. भूकंपमापक घेऊन घाटाकडे निघालेली एकटी बाई त्यांना नवी होती. आमच्या मुंबईच्या कचेरीतल्या साहेबांनाही. "आठ दिवसांत रडत परत याल," ते म्हणाले होते. मी सामानाच्या यादीवर त्यांची सही घेतली आणि निघाले.

दूरच्या भूकंपाच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून येतात. त्या कुठे वाकल्या, कुठे अडल्या, यावरून आत काय आहे ते कळतं. मला शहराच्या गडबडीपासून लांब, उघडा कातळ हवा होता.

तो पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी मिळाला. सखूबाई नावाच्या विधवा शेतकरणीच्या वाड्यात (गुरांच्या गोठ्यात), जिथली जमीनच कातळाची होती. त्यांचे दीर आडवे आले.

"यंत्रानं जमीन हालेल. हितं नाय ठेवायचं."

"जमीन माज्या नावावर हाय, भावजी," सखूबाई म्हणाल्या. "आनि म्हैस आजपासून तुमच्या अंगनात. तिच्या पायानं रेघ बिघडते, असं बाय सांगते."

म्हैस खरंच तिकडे गेली.

मी रोज रॉकेलच्या चिमणीवर कागद काजळून यंत्राच्या नळकांड्यावर चढवायची. सुई त्यावर पांढरी रेघ ओढायची. काळ्या हातांनीच नाचणीची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) खायची. सहाव्या दिवशी छपराचं गवत कागदावर पडून अख्ख्या दिवसाची नोंद पुसली गेली. आठव्या दिवशी साहेबांची तार आली: ताबडतोब परत या. मी उत्तर पाठवलं: काम अपुरं, येत नाही.

"नोकरी जायील गो," सखूबाई म्हणाल्या.

"गेली तर?"

"मंग लावनीला ये माज्यासंगं."

अकराव्या दिवशी सकाळी सुई एकदम थरथरली. घाटात गाडी नव्हती, जवळपास गुरं नव्हती. मी वेळ लिहिली.

"मावशी, लांब कुठेतरी भूकंप झाला!"

"आपल्याला तर काय कललं नाय," असं म्हणत त्या कागदावर वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

मुंबईत साहेबांनी कागद पाहिला. "म्हैस हलली असेल."

मी कचेरीच्या यंत्राचा त्याच दिवसाचा कागद शेजारी ठेवला. रस्त्याच्या गडबडीत हरवलेला तोच धक्का, त्याच सुमाराला तिथेही होता. पुढे त्याचा उगम कळला: पृथ्वीच्या पार पलीकडे, समुद्रात. लाट गाभ्यातून आली होती.

साहेब म्हणाले, "कागद कचेरीचा. खालची नावं खोडा."

"खोडता येणार नाहीत. काजळीत टाचणीने कोरून, काजळी पक्की व्हायला वर लाख चढवलीय."

माझं आणि सखूबाईंचं. अजून तशीच आहेत.