एकरेघे साहेबांचा डबा

एकरेघे साहेब भेटल्याबरोबर माणसाचा तळहात बघायचे. भविष्य सांगायला नव्हे. अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर लोकांना एक खोड होती. टाकीचं तापमान बघायचं, बॉलपेनने तळहातावर लिहायचं आणि शिफ्ट संपताना सावकाश, सुवाच्य अक्षरात रजिस्टरात उतरवायचं. मधे कुणी हात धुतले की आकडा नळाखाली वाहून जाई आणि रजिस्टरात त्याच्या जागी शोभेलसा दुसरा येऊन बसे. साहेब तो तळहात धरून म्हणत, "कंपनीचं रजिस्टर घरी न्यायचं नाही. हे इथंच ठेवून जा."

एकरेघे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. त्यांचा नियम असा, की लिहिताना चुकलं तर गिरवायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचं तर नावच नको. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी आपली सही. त्या एका रेघेपायी लोकांनी त्यांचं नवं बारसं केलं. "चूक झाकली की तिला पिल्लं होतात," असं ते म्हणत. सही केलेल्या चुकीला शिक्षा नाही, असा शब्दही त्यांनी दिला होता. त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. "आपल्याच हातानं आपल्या फाशीचा दोर वळायचा का?" असं बुवापाड्याचा ऑपरेटर म्हात्रे सगळ्यांदेखत म्हणाला. मी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून येणारी, साहेबांच्या हाताखाली प्रयोगशाळेत नवी मुलगी. मला तर ते सगळं खूळच वाटे.

पुढे एकदा म्हात्रेच्याच हातून वाफ जास्त सुटली आणि निळ्या रंगाची अख्खी टाकी शेवाळी झाली. त्यानं आधी सवयीनं रजिस्टरात नेहमीचा आकडा लिहिला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यावर रेघ मारली, खरा आकडा लिहिला आणि सही केली. संध्याकाळी कारखान्याचे मालक, आमचे सिंधी शेठ आले. "नाम बताओ, साईं. आज ही घर भेजता हूँ उसको."

"नाव रजिस्टरात आहे, शेठ," साहेब म्हणाले. "पण ते वाचून तुम्ही त्याला काढलंत, तर उद्यापासून त्यात तुम्हाला नुसतं गोड गोड वाचायला मिळेल."

"तो नुकसान किसके माथे मारूँ?"

"माझ्या."

शेठनी ते खरंच मनावर घेतलं. वर्क्स मॅनेजरची जागा साहेबांनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. ती शेठच्या मेव्हण्याला गेली. म्हात्रे मात्र राहिला, आणि हळूहळू कारखान्यातले तळहात कोरे दिसायला लागले.

यानंतर लोकांनी साहेबांना डोक्यावर घेतलं असेल असं वाटेल, पण साहेबांनी ते होऊ दिलं नाही. म्हात्रे दुसऱ्याच दिवशी बायकोच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आला होता. साहेबांनी ती परत पाठवली. "ज्याचं मीठ खाल्लं त्याची रेघ कशी तपासू?" बदलापूरला ते एकटेच राहत. सकाळी स्वतः केलेली पोळी आणि बटाट्याची भाजी ते प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ करून खात. कॅन्टीनमध्ये आमची थट्टामस्करी चालायची. तिकडे यायची वेळ आलीच, तर ते दाराच्या अलीकडे मुद्दाम खाकरायचे. आमचं बोलणं थांबायला वेळ मिळावा म्हणून. मला ते खाकरणं ऐकवत नसे.

रिटायर झाले त्या दिवशी सकाळीच त्यांनी माझ्याकडे चार्ज दिला आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन कॅन्टीनच्या दारात उभे राहिले. "आजपासून मी कुणाचं काही तपासत नाही. बसू का?"

म्हात्रे बाकावर सरकला. "या ना सायेब. कवापासून जागा ठेवलीय."

साहेबांनी प्रत्येकाच्या डब्यातलं थोडं थोडं खाल्लं. बोंबलाची चटणी चाखून सवयीनं म्हणाले, "मीठ कमी आहे, म्हात्रे."

म्हात्रे म्हणाला, "मारा मग रेघ."

त्यांना खदखदून हसताना मी तेव्हाच पाहिलं. नंतर नळावर डबा धुताना ते हलक्या आवाजात मला म्हणाले, "तू लोकांत बसून जेवत जा. मी वेगळा बसलो ते चुकलंच माझं. माया लागली की रेघ वाकडी होईल, अशी भीती वाटायची."

त्यांच्याबरोबरचं आमचं जेवण ते एवढंच. पुढचा पावसाळा संपायच्या आत ते गेल्याचा निरोप बदलापूरहून आला. आम्ही पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी त्यांचं ऐकलं. त्यांच्या खुर्चीवर बसले तरी डबा कॅन्टीनमध्येच खात आले. म्हात्रे न विचारता माझ्या झाकणात चटणी वाढतो, आणि दुपारी मी त्याचं रजिस्टर तपासते. रेघ काही वाकडी झाली नाही. पण रोज कॅन्टीनच्या दाराशी आले की घशात काही नसताना मी खाकरते.