कडुनिंबापलीकडच्या कोंबड्या

शेत माझ्याकडे आलं असं मी सांगते, तेव्हा लोकांना वाटतं की ते कुणीतरी माझ्या हाती दिलं. तसं काही झालं नव्हतं. माझे सासरे, म्हणजे आबा, विहिरीच्या काठावर घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हातात काठी आली. नवऱ्याची नोकरी शहाद्याला. घरात बसून सगळ्यांनी ठरवलं की शेत बटाईने देऊन टाकायचं. मी चहाचे कप गोळा करत होते. म्हणाले, "मी करीन." कुणी ऐकलंच नाही. म्हणून ट्रे खाली ठेवला आणि पुन्हा म्हणाले.

आमचं शेत प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीपासून फार लांब नाही. निम्म्यात केळी, थोडी पपई. विहिरीभोवती पडीक राहिलेल्या तुकड्यात मी बाग केली: वांगी, मिरची, गिलकी, कोथिंबीर. बाग चालायला लागली तशी कोंबड्यांची इच्छा वर आली. ती फार जुनी होती. माझं माहेर खापरचं. तिथल्या बाजारात डोंगरातल्या बायका टोपल्यांत कोंबड्या घेऊन बसायच्या, आणि आईचा हात सोडून मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहायचे.

अडचण एकच होती. आबा माळकरी. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलेलं नाही.

"कोंबड्या?" आबा म्हणाले. "आपला घरमा?"

"घरमा नई, आबा. वावरमा."

त्यांनी काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. म्हणाले, "त्या निंबना पलीकडे. अलीकडे एक बी दिसाले नको. नि घरमा त्यानं नाव काढानं नई."

मला तेवढं पुरे होतं. बांधावरच्या कडुनिंबापलीकडे मी पत्र्याचं शेड उभं केलं, गावरान पिल्लं आणली, मानमोडी रोगाची लस द्यायला शिकले. घरात अंडी म्हणायचं नाही म्हणून नवरा आणि मी 'माल' म्हणायला लागलो. सकाळी तो मोटारसायकलवर माल घेऊन शहाद्याला जायचा. आबा तेवढ्या वेळापुरते तोंड फिरवून बसायचे. एकदा कोंबड्या बागेत शिरल्या आणि नुकती वर आलेली सगळी कोथिंबीर उकरून गेल्या, तेव्हा मात्र आबा मुद्दाम बांधापर्यंत आले, बघितलं, आणि परत गेले. मी जुन्या साड्यांचं कुंपण बांधलं आणि कोथिंबीर पुन्हा पेरली. कोंबड्यांची विष्ठा कुजवून वांग्यांना घातली तर वांगी अशी धरली की भरतासाठी लोक शेतावर येऊन घेऊ लागले.

मग तो मे आला. आमच्याकडचं ऊन नवं नाही, पण त्या दिवशी सकाळपासूनच वारा बंद होता. दुपारी लाईट गेली. मोटर बंद, शेडवर पाणी फवारणारी नळी बंद. मी शेडात गेले तर आतून भट्टीसारखी झळ आली. कोंबड्या चोची वासून, पंख सैल सोडून बसल्या होत्या. दाराजवळच्या दोन-तीन आडव्या पडलेल्या. हात लावला तर मेलेल्या.

मी बादली घेऊन विहिरीकडे धावले. दोराने शेंदायचं, शेडापर्यंत न्यायचं, गोणपाटं भिजवून जाळीवर टांगायची, पुन्हा विहीर. तिसऱ्या-चौथ्या फेरीला माझ्या लक्षात आलं, माझे हात पुरणार नाहीत. मी गोणपाट टांगेपर्यंत आतली आणखी एक मान टाकत होती.

"पोरी!" मागून हाक आली. आबा कडुनिंबाखाली उभे होते. घरापासून उन्हातून काठी टेकत आले होते.

"आबा, तुम्ही घर जा. ऊन लागी."

"बाज आन आठे," ते म्हणाले. "नि त्या माले दे. एकेक."

मी बाज कडुनिंबाच्या सावलीत ओढली. ते बसले, डोक्यावरचा रुमाल सोडून बादलीत बुडवला आणि हात पुढे केले. पहिली कोंबडी त्यांच्या मांडीवर ठेवताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही. जन्मात त्यांनी कोंबडीला हात लावला नव्हता.

"धरू कशी?"

"पंख दाबी धरा. पाय पानीमा सोडा."

त्यांनी तसं धरलं. ओला रुमाल तिच्या पाठीवरून फिरवला, बोटाने चोचीत थेंब सोडले. "जीव शे तो बी," ते स्वतःशीच म्हणाले. मग एक सावलीत सोडायची, दुसरी घ्यायची. मी पाणी शेंदत होते, केळीची पानं तोडून पत्र्यावर टाकत होते. ऊन कलेपर्यंत आम्ही तेच करत राहिलो.

बऱ्याच गेल्या. पण निम्म्याहून जास्त वाचल्या. मेलेल्या मी बांधाकडेला खोल खड्ड्यात पुरल्या. आबांनी घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, माळेला हात लावून डोळे मिटले आणि मग जेवायला बसले.

संध्याकाळी नवरा आला. शेड बघून आला आणि रात्री जेवताना म्हणाला, "उरलेल्या विकून टाक. झालं तेवढं पुष्कळ झालं."

मला रडू येत होतं, पण मी म्हणाले, "नाही." जेवणाच्या ताटावरून आबा म्हणाले, "पत्रा तापस. वरे पाचट टाकाले पायजे." एवढंच बोलून त्यांनी वरण मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वावरातून उसाचं पाचट आणलं आणि पत्र्यावर जाड थर रचून बांधला. कडुनिंबापाशी एक उंच टाकी बसवून घेतली, लाईट नसली तरी पाणी आपोआप उतरेल अशी. पश्चिमेकडून ऊन थेट आत यायचं, तिथे शेवग्याच्या फांद्या लावायच्या ठरवल्या. जमीन दगडासारखी झाली होती. मी पहारीने खड्डे खणत गेले आणि आबा बाजेवर बसून मला सांगत राहिले, कुठला खड्डा अजून हातभर खोल हवा.