मामांची पंचाहत्तरी आणि माझी कला

मे महिन्याचा दुसरा रविवार, ठिकाण चाकूर, बॅनरचा खर्च बाराशे रुपये, हजर माणसं एकशे दहा. त्यांतली निम्मी माझ्या सासऱ्यांच्या मयतीला आली होती. सासरे स्वतः त्यांना पाणी देत होते.

मी नांदेडला हिशेब तपासनीस आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणं ही माझी नोकरी आणि (माझी बायको सुनंदा म्हणते त्याप्रमाणे) करमणूकही. मेहुण्याने, बालाजीने, पोरीच्या बारशाला मोबाइलकडून एक चित्र काढून घेऊन घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं, तेव्हा मी त्याला अकरा चुका क्रमांक घालून कळवल्या. 'पाळण्याला पाय पाच. बाळाला दात आहेत.' बिचाऱ्याने बारसं चित्राशिवाय उरकलं.

त्यामुळे मामांच्या (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) पंचाहत्तरीचा बॅनर मीच करणार, असं जाहीर केल्यावर चित्र निर्दोष असणं ही माझ्या अब्रूची बाब झाली. मोबाइलला मामांचा फोटो दिला, सूचना दिली. त्याने मिनिटभरात मामांचं वय वीस वर्षांनी उतरवलं. सोबत मिशीही उतरवली.

सुनंदा चहा घेऊन आली.

"आहो, आण्णांची मिशी कुठंय?"

"तरुण दिसतायत की नाही ते सांग."

"आजोबा वारले तेव्हा काढली होती. त्यानंतर मिशीला वस्तरा लागला न्हाई. लोक काय म्हणतील?"

"तुला कलेतलं कळत नाही!" मी म्हणालो, आणि चित्र सासरवाडीच्या गटावर टाकलं. 'मनमोकळ्या सूचना कराव्यात!'

इथे एक खुलासा. लग्नात मानाची टॉवेल-टोपी उशिरा आली म्हणून मी तासभर मांडवाबाहेर रुसून बसलो होतो. त्याला सव्वीस वर्षं झाली, पण तेव्हापासून सासरवाडीत जावयाच्या कशालाही कुणी नावं ठेवत नाही. सूचना करायच्याच झाल्या, तर फक्त भर घालायच्या.

"लई भारी, दाजी!" बालाजी. "नुसता गळा मोकळा दिसायलाय. हार घाला की!" घातला. झेंडूचा, थेट फोटोच्या चौकटीवरून.

"झकास!" लातूरची मेहुणी, सविता. "खाली समई पाहिजे." ठेवली.

सासूबाईंनी बोलून पाठवलं, "मागं उजेड दाखवा जरा, ढगातून येतोय तसा. देवमाणूस हायत ते." दाखवला.

मग माझी भर. चित्र झालं, पण आकडे राहिले होते! पंचाहत्तर वर्षं कशी झाली, याचा ताळा वाचणाऱ्याला करता यावा म्हणून नावाखाली ठसठशीत टाकलं: १९५० – २०२५.

सुनंदाने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आहो, हे तर..."

"हिशेब बरोबर आहे का?"

"हिशेब बरोबर हाय."

"मग झालं!"

शनिवारी बालाजीने बॅनर बसस्टँडसमोर लावला. लावताना त्याच्याही लक्षात आलं असणार. पण जावयाचं काम!

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा अंगणात शिरा शिजत होता, आणि फाटकातून टोप्या हातात घेतलेली माणसं मान खाली घालून येत होती. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून "धीर धरा" म्हटलं. मला वाटलं, जेवायला वेळ आहे.

एवढ्यात मामांचे चुलतभाऊ नामदेवकाका आले. बांधाच्या भांडणावरून दोघं बारा वर्षं बोलत नव्हते. काकांनी फाटकातच हंबरडा फोडला, "गणपा, मला न सांगता कसा गेलास रं!"

मागून मामा आले. हातात रिकामा तांब्या.

"कुठं गेलो? परसाकडं गेल्तो."

काका मटकन खाली बसले. "मग त्ये बोर्ड?"

"जावयानं केलंय."

सासूबाईंनी काकांना डोळ्यांनीच दटावलं.

काका सावरले. "चित्र चांगलं हाय, पाव्हणं," ते मला म्हणाले. "लांबून बघूनच रडू आलं."

सव्वीस वर्षांत सासरवाडीकडून मिळालेला हा पहिला प्रामाणिक अभिप्राय!

मामांनी काकांना पंगतीत शेजारी बसवलं. "जिता व्हतो तवर आला न्हाईस. मेल्यावर येतोस व्हय?"

"जिता व्हतास तवर बोलवायचं की!" काका म्हणाले, आणि त्यांनी शिरा दोनदा घेतला. मी मात्र पानातल्या काजूंकडे बघत बसलो होतो. (चार होते.)

बालाजी बॅनर उतरवून घेऊन आला. "दाजी," त्याने अगदी अदबीने विचारलं, "ह्यातल्या चुकांना क्रमांक घालून देऊ का?"

"फाडून टाक तो!" मी म्हणालो.

"फाडू नको रं," मामा म्हणाले. "जपून ठिव, परत खर्च नको. येळ आली की शेवटचा आकडा तेवढा बदलायचा."

बॅनरवाल्याचे बाराशे रुपये मी निघतानाच चुकते केले. सुनंदा नांदेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत एकटीच हसत होती. शेवटी मी न राहवून विचारलं, "काय झालं?"

"काही न्हाई," ती म्हणाली. "हिशेब बरोबर होता."