औरंगाबाद, हैदराबादवरून

"थांबा, वाट काढते."

हे बाईंचं वाक्य. त्या काळी परभणीहून तुम्ही कधी ट्रंक कॉल लावला असेल, तर ते तुमच्याही कानावर पडलं असेल. आवाज जरासा घोगरा. त्या आवाजाची बाई मात्र फक्त आम्हाला दिसायची, शेजारच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या ऑपरेटरांना. गोल चेहरा, कपाळावर भस्माची रेघ, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. ही पेटी हेडफोनच्या तोंडाशी लागून वाजायची, म्हणून कामाला बसताना बाई ती पदराआड सारत.

लग्न केलं नव्हतं. ताडकळसला भाऊ-भावजयीसोबत राहत आणि एसटीनं ये-जा करत.

आमच्या बोर्डावर प्रत्येक मोठ्या गावाच्या लाइनींचा एक गट असे. एक लाइन बिघडली की कॉल गटातल्या दुसरीवर टाकायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. बाईंनी मेकॅनिकला चहा पाजून विचारून घेतलं, कुठली तार कुठल्या खांबांवरून जाते. औरंगाबादच्या सगळ्या लाइनी सेलूकडच्या एकाच रांगेतल्या खांबांवर होत्या.

"तारा चार असल्या तरी खांब एकच की वो," त्या म्हणाल्या. "खांब पडला की समद्या मेल्या."

तेव्हापासून नांदेडच्या गटातली एक लाइन त्या औरंगाबादसाठी मोकळी राखू लागल्या. नांदेडहून हैदराबाद, तिथून मुंबई, मुंबईहून परत फिरून औरंगाबाद. रोज कामाला बसल्या की हा सगळा फेरा एकदा जोडून बघत. आम्ही हसायचो. सुपरवायझर साहेब वैतागायचे, "लाइन रिकामी ठेवायला ही काय धर्मशाळा हाय?" बाई म्हणायच्या, "असू द्या साहेब. लागंल कधीतरी." या रोजच्या जोडण्यातून हैदराबादच्या ऑपरेटरच्या घरातली आजारपणंसुद्धा त्यांना पाठ झाली होती. त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्यांवर हल्ले झाले. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, तारा तुटल्या. औरंगाबादचा सगळा गट मेला.

त्या दिवसांत एका दुपारी जिंतूर तालुक्यातल्या एका गावचा माणूस आमच्या खिडकीशी आला. धोतर चिखलानं भरलेलं. पोरगी औरंगाबादला नर्सिंग शिकत होती. आज ना उद्या ती गावाकडं निघेल, या धास्तीनं तो आडवाटेनं चालत परभणीला आला होता.

"लाइन बंद हाय, बाबा," मी म्हणालो.

"थांबा," बाई म्हणाल्या. "वाट काढते."

त्यांनी नांदेड घेतलं, मग हैदराबाद. "भाई, औरंगाबाद होना. लय जरुरी हाय." पलीकडून "ठैरो बाई, देतूं," असं आलं. मुंबई लागायला वेळ लागला. तोवर त्या माणसानं खिडकीतून हळू सांगितलं, "घर जळालं, बाई. माणसं तेवढी वाचली. पण पोरीला बोलू नगा. आयकलं तर तशीच निघंल."

होस्टेलवर फोन लागला, पोरगी आली. एवढ्या फेऱ्यातून आवाज अगदी बारीक झालेला. बापाला काहीच ऐकू येईना. शेवटी हेडफोन बाईंच्या कानावर राहिला आणि इकडचं तिकडं त्याच सांगू लागल्या.

"तुझे बाबा म्हणत्यात, गावाकडं येऊ नको. गाड्या अडवायलेत."

मग त्या बापाकडं वळल्या. "घर कसं हाय, विचारायलीय."

"बरं हाय म्हणा."

बाईंनी तोंड पुन्हा बोर्डाकडं वळवलं. मग म्हणाल्या, "घर बरं हाय म्हणत्यात."

पलीकडून काहीतरी आलं. या वेळी बाई बापाकडं वळल्या नाहीत. "हे मी सांगायले, बाळ," त्या म्हणाल्या. "तुझी माणसं बरी हायेत. एकूण एक. तू तिथंच ऱ्हा."

लाइन तुटली. बाप खिडकीशी डोक्याला हात लावून खाली बसला. बाईंनी त्याला पाणी नेऊन दिलं आणि येऊन पुढचा कॉल घेतला. नंतर मी विचारलं, पोरगी शेवटी काय म्हणाली? "खरंच ना, म्हणाली," बाईंनी सांगितलं. "आता त्या 'खरंच ना'ला बी बापाचंच उत्तर देऊ का?"

सगळं शांत झाल्यावर ती पोरगी ऑफिसात आली. आवाजावरून बाईंना लगेच ओळखलं.

"घराचं मला तवाच कळलं होतं," ती म्हणाली. "घराचं तुमी बाबांच्या नावानं सांगितलं. माणसांचं तुमच्या. म्हणून थांबले."

पुढं ती सुट्टीला आली की बाईंना भेटल्याशिवाय जात नसे. बाई तिला ताडकळसला घेऊन गेल्या. भावजयीनं तिचं ताट अंगणात मांडलं, तेव्हा बाईंनी आपलंही ताट उचलून तिच्याशेजारी ठेवलं. असं बरीच वर्षं चाललं. बाई त्यावर कुणाशी भांडल्या नाहीत, आणि पोरगी आली की घरात जेवल्याही नाहीत.

आपोआप लागणारे फोन आले, आमचा बोर्ड निघाला. बाईंनी नोकरी सोडली आणि पुढं थोड्याच वर्षांत गेल्या. मातीला आम्हाला पोचता आलं नाही, म्हणून नंतर ताडकळसला भेटायला गेलो. ओसरीवर भावाजवळ बसलो.

आतून चहाचे कप घेऊन ती आली. आता सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळ्यांना कप दिले, एक कमी पडला.

"अगं, चुलीवर हाय अजून," भावजयीनं आतून हाक मारली. "तूच घे गाळून. माझे हात पिठाचे हायेत."

"आले, मामी," म्हणत ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली.