घड्याळाला ऊन देताना

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही. उजेडासारख्या विषयावर मी लिहावे हे धाडसच आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण दुपारी गोधडीत डोके खुपसले, की हिरवट, ओलसर वाटणारा एक प्रकाश डोळ्यांशी येतो आणि तो कोणाला तरी सांगावासा वाटतो. कळंबोलीच्या या खोलीत सध्या मी एकटाच आहे.

तो प्रकाश आबांच्या गजराच्या घड्याळाचा. आबा, माझे वडील, लोखंड बाजारात माथाडी आहेत. पहाटे माझी झोप मोडू नये म्हणून ते दिवा लावत नसत. उजेड साठवून अंधारात चमकणाऱ्या, ज्यांना सगळे रेडियमचे म्हणतात, त्या आकड्यांवर वेळ पाहत. रोज संध्याकाळी घड्याळ समईपुढे ठेवत. देवाचा उजेड रात्रभर पुरेल, ही त्यांची श्रद्धा.

मी विज्ञान शाखेचा. "आबा, समईचा उजेड तांबूस. रेडियमला निळसर उजेड लागतो, तेव्हा ते भरतं."

"आरं, समईत काय कमी हाय?" ते हसले, पण घड्याळ माझ्या हाती दिले.

पिवळ्या बल्बने फारसे साधले नाही. ट्यूबलाइट बरी. खिडकीतल्या उन्हाने मात्र आकडे कसे हिरवेगार उमलले! तरी पहाटे आबा म्हणत, "न्हाय रं दिसत. तुझ्या उन्हापरास समई बरी हुती." मला तो हट्ट वाटे. मी पुन्हा जागा बदलत असे, पुन्हा मिनिटे मोजत असे. उजेडाची एवढी पारख करणाऱ्या मला त्यांच्या डोळ्यांची का करता आली नाही?

एकदा भर दिवसा त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला, तेव्हा उमगले. मोतीबिंदू होता. मामा त्यांना ऑपरेशनसाठी साताऱ्याला घेऊन गेला. परीक्षेपायी मी इथेच राहिलो. आमचा निरोप वाण्याच्या फोनवर येतो, पण आठवडाभर तोही नाही. तरी मी रोज घड्याळाला ऊन देतो आणि गोधडीखाली तपासतो. पाहणारा घरी नसताना साठवलेला उजेड किती एकाकी असतो, हे कुठल्याच पुस्तकात नव्हते.

आज कोपऱ्यावरच्या वाणीशेठने हाक मारली. "ए कॉलेज, तुझ्या मामाचा फोन होता. पट्टी सुटली. दिसतंय चांगलं. आणि आबांचा निरोप आहे, घड्याळ उन्हातच ठेव."