किमान एकोणसाठ किलो

आमच्याकडे कुणी पाहुणा आला की मी त्याला दारातच बजावते, "ताईनं हातात काही दिलं तर दाबू नका." ऐकत कुणीच नाही. चपला काढून माणूस खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ताई त्याच्या हातात एखादं लोखंडी अंडं नाहीतर लाकडी मुठींची स्प्रिंग ठेवते आणि म्हणते, "दाबा बघू." मग तो दात-ओठ खाऊन दाबतो, ताई काट्याकडे बघते, वहीत आकडा लिहिते, आणि चहा गार होतो.

ताई माझी थोरली बहीण. चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करते. बाजारातले टांगते काटे, गोदामातले माणूसभर रुंदीचे काटे, दवाखान्यातले तान्ह्या बाळांचे काटे, सगळे तिच्या हाताखालून गेलेत. आणि गेली बावीस वर्षं ती मुठीचा जोर मोजायची जुनी यंत्रं जमवते. तिनं त्यांना नाव ठेवलंय मूठमापक. डॉक्टरांची पोलादी मूठमापकं, रबरी फुग्याची, तेलाच्या दाबावर चालणारी, बंद पडलेल्या तालमीतली, भरतीच्या कचेरीतली. भंगारवाले तिला लांबून ओळखतात. इतर बायका पिशवीत भाजी आणतात, ही वजनं घेऊन हिंडते, कारण यंत्र दिसलं की जागच्या जागी वजन टांगून बघायचं असतं. मी घरीच शिवणकाम करते. मापाशी माझाही संबंध आहे, पण मी कपडा शिवून झाला की ज्याचा त्याला देऊन टाकते, पलंगाखाली भरून ठेवत नाही.

हे वेड कुठून लागलं ते सांगायचं तर आईपासून सांगावं लागेल.

आई इस्पितळाच्या धुलाईघरात होती. तिथलं पिळायचं यंत्र वर्षातले आठ महिने बंद असायचं, तेव्हा ओल्या चादरी हातानं पिळायच्या. दिवसाला दीडशे-दोनशे. ती सत्तावीस वर्षांची असताना गावाबाहेरच्या मैदानावर आनंदमेळा आला होता. ताई सात वर्षांची, मी दीड. तिथे एक उंच लाकडी यंत्र होतं. पितळी मूठ एका हातानं दाबायची, काटा वर चढायचा, शेवटपर्यंत गेला की घंटा वाजायची. घंटा वाजवणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस. धडधाकट पुरुष दाबून दाबून लाल झाले, कुणाची वाजली नाही. आईनं गंमत म्हणून मूठ धरली. मेळेवाला यंत्राला टेकून उभा होता, हसत होता. आईनं दाबलं, आत काहीतरी कट् झालं आणि घंटा वाजली.

मेळेवाला ओरडला, "यंत्र बिघडवलं हो बाईनं!"

घड्याळ राहिलं बाजूला. लोक जमले, हसले. आमच्या बाबांनी सगळ्यांसमोर हात जोडून त्या माणसाची माफी मागितली. "चुकलं तिचं, जाऊ द्या." ताईला आईचा त्या वेळचा चेहरा आठवत नाही, बाबांचे जोडलेले हात आठवतात.

बाबा वाईट माणूस नव्हते, पण गोष्ट रंगवून सांगायची त्यांना भारी हौस. चार नातेवाईक जमले की, "आमच्या हिनं यंत्र मोडलं होतं, माहितीये ना?" सुरू व्हायचं. आत्या तर तिला यंत्रमोडीच म्हणायची. आई म्हणाली, "मी मोडलं नाही, ते खरंच वाजलं," की बाबा म्हणायचे, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची." आईनं हे मनावर घेतलं. त्यानंतर चारचौघांत तिचे हात टेबलाखाली नाहीतर पाठीमागे. माझ्या लग्नाच्या फोटोतही आईला हातच नाहीत. ते लग्न टिकलं नाही, फोटो मात्र टिकला, आणि तो पाहिला की मला आजही चीड येते, नवऱ्याची नाही, त्या मेळेवाल्याची.

आई ती हकिगत फक्त आम्हा दोघींना सांगायची, कपड्यांच्या घड्या घालताना. "वर पितळी घंटा. खाली तांबडा पंजा रंगवलेला. आणि त्या पंजाला सहा बोटं होती."

"सहा बोटं कशी असतील आई?" आम्ही हसायचो. हे सहावं बोट बाबांना कळलं तेव्हापासून तर तिचं कुणी काहीच खरं मानेना.

ताई काट्यांच्या धंद्यात गेली, आणि यंत्र कसं खोटं बोलतं हे तिला रोज दिसायला लागलं. ती म्हणते, "काटा खोटं बोलत नाही, काट्याचा मालक बोलतो." एकोणचाळिसाव्या वर्षी तिनं एका मेलेल्या डॉक्टरच्या सामानातून पहिलं मूठमापक आणलं, आणि मला म्हणाली, "ते मेळ्यातलं यंत्र कुठेतरी असेलच. शोधते." मी म्हटलं, "शोध. तोवर हे जेवणाच्या टेबलावरून उचल."

त्या पहिल्याच वस्तूवर तिनं जन्माची चूक केली. ते मूठमापक चार किलो कमी दाखवत होतं. काटे दुरुस्त करणाऱ्याला चुकीचा काटा समोर ठेवून झोप येत नाही. तिनं तासाभरात ते बरोबर केलं, चकाकवलं आणि शिक्का मारला. पुढे गावच्या संग्रहालयातले सर बघायला आले. त्या मूठमापकाबरोबर डॉक्टरची वहीही आली होती, तीस वर्षांच्या रोग्यांचे आकडे लिहिलेली. सरांनी वही चाळली आणि विचारलं, "दुरुस्तीआधी ते किती चुकत होतं? दहावर किती, तीसवर किती?" ताईनं लिहून ठेवलं नव्हतं. "मग या वहीतल्या एकाही आकड्याचा आता अर्थ लागणार नाही," सर म्हणाले. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. ताई दोन दिवस धड जेवली नाही. तेव्हापासून तिच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ असते: जसं आहे तसं आधी तपासा, मग हात लावा.

बावीस वर्षांत बेचाळीस यंत्रं झाली. माझं शिवणाचं टेबल दोनदा हललं. आई एक्क्याऐंशीची झाली, बोटं वाकडी झाली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली. ताई बोलून दाखवत नव्हती, पण मला दिसत होतं. यंत्र आई असताना मिळालं पाहिजे होतं. नंतर मिळून काय करायचं होतं त्याचं?

मागच्या वर्षी तालमीचं सामान विकणाऱ्या एकानं निरोप दिला की एका सायकलवाल्याच्या गोदामात उंच लाकडी यंत्र पडलंय. ताई निघाली, मला ओढून घेऊन. गोदामात टायरांच्या ढिगामागे ते उभं होतं. ताईनं फडक्यानं धूळ पुसली. तांबडा पंजा निघाला. आम्ही दोघींनी बोटं मोजली. मग पुन्हा मोजली. रंगाऱ्यानं खरंच सहा काढली होती.

सायकलवाला मेळेवाल्याचा पुतण्या निघाला. भला माणूस. म्हणाला, "काकांचं आहे. पण बिघडलेलं आहे हो, आधीच सांगतो. एका बाईनं मोडलं म्हणे. त्यानंतर काकांनी ते कधी लावलंच नाही."

"दुरुस्तीला दिलं नाही?" ताईनं विचारलं.

"कुणाला उघडूच देत नव्हते. आम्ही पोरं जवळ गेलो तरी ओरडायचे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईनं माझा हात दाबला. चाळीस वर्षं वजनं उचललेला हात आहे तो, मी गप्प बसले.

यंत्र घरी आलं. आईनं खुर्चीतूनच वाकड्या बोटानं ती सहा बोटं मोजली आणि म्हणाली, "बघा." एवढंच. मग आत जाऊन पडली. तिला पुढचं बघायची भीती वाटत होती. खरंच तिनंच मोडलेलं निघालं तर?

भीती ताईलाही होती. पेचकस तिच्या उजव्या हातात होता, मागच्या फळीचे चार स्क्रू समोर होते. मी म्हटलं, "उघड ना आता, जीव जातोय माझा." तिनं पेचकस माझ्याच हातात दिला. "माझ्याजवळ ठेवू नकोस," म्हणाली. आधी वही. यंत्र आडवं केलं, मुठीला वजनं टांगली. दहा, वीस, तीस. पन्नासला घंटा वाजली. पुन्हा टांगली, पुन्हा पन्नासला. अर्ध्या किलोचाही फरक नाही.

"म्हणजे बिघडलेलं नाहीच," मी म्हटलं.

"थांब." ती यंत्राच्या उजव्या बाजूला वाकली होती. तिथे, यंत्र उभं असताना कमरेच्या उंचीवर येईल अशी, एक चपटी पितळी पट्टी होती, आजूबाजूचा रंग शाबूत आणि पट्टी मात्र घासून गुळगुळीत झालेली. दाबली की आत जायची, सोडली की बाहेर यायची, आणि त्यानं काहीच व्हायचं नाही. ताई म्हणाली, "काम नसलेली पट्टी कुणी बसवत नाही."

आणि मग ती एकदम उठून आईच्या खोलीत गेली. "आई, तो माणूस कुठे उभा होता?"

"सांगितलंय की शंभरदा. यंत्राला टेकून."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या. कंबर लावून. हलला नाही मेला शेवटपर्यंत."

तेव्हा ताईनं पेचकस मागितला. फळी निघाली. आत दोन स्प्रिंगा होत्या. एक पातळ, काट्याला जोडलेली. दुसरी जाड, मोकळी लोंबकळत असलेली. पट्टी कमरेनं दाबली की ही जाड स्प्रिंगही ओढीला लागायची, आणि मग पहिलवान आला तरी काटा वर जायचा नाही. बक्षिसाचं घड्याळ सुरक्षित. पण जाड स्प्रिंगेच्या वरच्या टोकाचा, अडकवायचा वाकडा आकडा उघडून जवळजवळ सरळ झाला होता. आईनं ऐकलेलं कट् ते हेच.

म्हणजे आईनं मोडलं होतं, हे खरंच होतं. तिनं त्याची लबाडी मोडली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. दुरुस्तीला दिलं तर आतला प्रकार उघड होणार, म्हणून त्यानं ते जन्मभर झाकून ठेवलं, आणि आमच्या बाबांना त्याच्यासमोर हात जोडायला लावले. मी एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारीण खिडकीतून डोकावली. ताई हसली नाही. ती जमिनीवर बसली आणि रडली, अगदी सात वर्षांची असल्यासारखी.

पण काटेवाली ती काटेवालीच. "आकडा किती जोराला उघडला, ते कळायला हवं," म्हणाली. मूळ स्प्रिंगेला तिनं बोट लावलं नाही. तार मोजली, तसल्याच जुन्या तारेचे तीन आकडे वाकवले, दुसऱ्या सांगाड्यावर तशाच दोन स्प्रिंगा बसवून वजनं टांगली. पहिला आकडा त्रेसष्ट किलोला उघडला, दुसरा एकसष्टला, तिसरा एकोणसाठला.

"त्रेसष्ट लिही," मी म्हटलं.

"एकोणसाठ," ती म्हणाली. "किमान."

संग्रहालयानं आता तिच्या त्रेचाळीस यंत्रांसाठी कायमची खोली दिलीय. खिडकी मोठी, फळ्या मजबूत, आणि पहिल्याच कपाटात ते चार किलोंनी 'दुरुस्त' करून बिघडवलेलं मूठमापक, ताईच्या चुकीच्या कबुलीसकट. उद्घाटनाला नातेवाईक झाडून आले. यंत्रमोडी म्हणणारी आत्याही आली, काठी टेकत. सायकलवाला पुतण्याही आला. ताईनं त्याला सगळं आधीच सांगितलं होतं. तो सरळ आईसमोर आला, हात जोडले आणि म्हणाला, "काकांच्या वतीनं माफी मागतो."

आईनं त्याचे जोडलेले हात बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "तुझं काय चुकलं त्यात? घड्याळ आणलंयस का?"

खोलीभर हशा पिकला, आणि या वेळी तो आईच्या बाजूनं होता.

मग आम्ही तिला त्या उंच यंत्रापाशी नेलं. मागची फळी काढून तिथे काच बसवलीय, उघडलेला आकडा स्पष्ट दिसतो. शेजारी छापील पाटी. आईनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागली. "हे यंत्र लबाडीसाठी बनवलेले होते. इस्पितळाच्या धुलाईघरातील एका कामगार स्त्रीने उजव्या हाताने किमान एकोणसाठ किलो जोर लावून..."

ती थांबली. "चुकलंय."

ताईचा चेहरा उतरला. "आकडा चुकला?"

"आकड्याचं तू बघ. हात चुकलाय. डाव्या हातानं दाबलं मी."

"डाव्या?"

"उजव्या हातावर ही होती ना." आईनं माझ्याकडे बोट केलं. "दीड वर्षाची. झोपली होती. एवढ्या गर्दीत खाली कुठे ठेवणार होते?"

चोपन्न वर्षांत आम्ही तिला सगळं विचारलं होतं, घंटा कसली, पंजा कसला, माणूस कुठे उभा, आणि हात कुठला ते विचारलंच नव्हतं. मला प्रत्येक गोष्टीवर बोलायची सवय आहे, घरात सगळे त्याला कंटाळलेत. तिथे मात्र मी नुसता आईचा उजवा हात धरला.

ताईनं कानामागची पेन्सिल काढली. सर "अहो, नवीन छापून घेऊ" म्हणेपर्यंत तिनं छापील पाटीवरचं 'उजव्या' खोडलं आणि वर 'डाव्या' लिहिलं. शेजारी, काटा दुरुस्त केल्यावर करते तशी, तारीख आणि सही.

पाटी आजही तशीच आहे. सरांनी बदलायचं दोनदा विचारलं, ताई नाही म्हणाली. खाली त्या दिवशीचा फोटो लावलाय. आई मध्ये खुर्चीत, आम्ही दोघी दोन बाजूंना, आणि समोरच्या टेबलावर आईचे दोन्ही हात, वाकड्या बोटांसकट, उघडे.