जगन्नाथाचा मऊ भात

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच सुमारास माझी आई आणि तिची मोठी बहीणही वेगळ्या झाल्या. आम्ही भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे, मावशी गोंदियाची. बाबा म्हणायचे, सरकारनं उगाच एवढ्या बैठका घेतल्या. या दोघींना सांगितलं असतं तर एका पंगतीत काम झालं असतं.

पंगत होती माझ्या दादाच्या लग्नाची. आमच्याकडे धान पिकतं, त्यामुळे भात हा अब्रूचा विषय. भाजी पातळ झाली तर लोक हसून सोडून देतात, भात बिघडला तर जन्मभर त्याचा विषय काढतात. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, मोठ्या स्वयंपाकाला जुनाच तांदूळ घ्यावा, हे आमच्या गावात शाळकरी पोरीलाही ठाऊक असतं. तरी त्या दिवशी भाताचा गिच्च गोळा झाला. मावशी विहीणबाईंच्या शेजारी जेवायला बसली होती. ती हळू बोलणारी बाई नव्हेच. घास हातात धरून तिनं विचारलं, "एवढे धान पिकवता, अन् भात असा काहून वं?"

आई वाढत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला. "आवडत नसन तर नको खाऊ माह्या घरचं."

"नाही खात. आता कधीच नाही खात," असं म्हणून मावशी पानावरून उठली आणि तडक बसस्टँडवर गेली.

बोलल्याप्रमाणे वागण्याची तिला फार हौस. मध्ये बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती भेटायला आली, पण पाण्याची बाटलीसुद्धा गोंदियाहून घेऊन आली. आईनं ठेवलेला चहा तिच्यासमोर निवून गेला. आई इकडे येईल-जाईल त्याला सांगत राहिली की त्या दिवशी चूल धड पेटलीच नव्हती. दोघींचा हट्ट सारखाच, आणि मला दोघींचा सारखाच राग यायचा.

मग माझं लग्न ठरलं. लहानपणीच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी मावशीकडे काढलेल्या. माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझ्या उवा तिनं काढल्या, पाढे न आल्याबद्दल पाठीत धपाटेही तिनंच घातले. मला पहिली हळद तिनं लावावी अशी माझी फार इच्छा होती. मी फोन केला. ती म्हणाली, "येईन न पोरी. अक्षता टाकीन अन् जाईन. पाणी नाही पिणार." लग्नघरातून सख्खी मावशी उपाशी परत जाणार, हे मला सहन होईना. मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.

बाबांनी ते पाहिलं. त्यांचं आणि मावसाजींचं कधी बिनसलं नव्हतं. दोघे साडभाऊ रोज फोनवर धानाचा भाव आणि बायकांचा ताव यांची देवाणघेवाण करायचे. लग्नाआधी जगन्नाथाला जाऊन येऊ, असं त्यांनी आपापल्या घरी जाहीर केलं. एकाच डब्यातली तिकिटं काढली हे मात्र दोघांनीही घरी सांगितलं नाही.

आम्ही आधी नागपूरला जाऊन पुरीची गाडी पकडली. थोड्या वेळानं गाडी आमच्याच भंडाऱ्यावरून निघाली तेव्हा आई म्हणाली, "आपल्याच दारातून जायाचं होतं तं नागपूरले कायले नेलं?" गोंदियाला समोरच्या बर्थवर मावशी येऊन बसली तेव्हा तिला उत्तर मिळालं: गाडी गोंदियावरून जाते हे तिच्या आधीच लक्षात येऊ नये म्हणून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग आपापल्या नवऱ्याकडे पाहिलं. बाबा आणि मावसाजी घाईघाईनं चहा आणायला उतरले.

तिथून पुढचा सगळा प्रवास माझ्यामार्फत झाला. "तुह्या मायले सांग, खिडकी लाव, धूळ येऊन राहिली." "तुह्या मावशीले सांग, हात तिलेबी हायेत." जेवायची वेळ झाली की आई या खिडकीकडे तोंड करून दशम्या खाई, मावशी त्या खिडकीकडे तोंड करून पराठे खाई. दोघे साडभाऊ मात्र दोन्ही डब्यांतलं खाऊन तृप्त होते.

पुरीला पोचल्यावर आधी समुद्रावर गेलो. आमच्यापैकी कुणीच तोवर समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे वैनगंगा आणि तलाव, एवढंच आमचं ज्ञान. आई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं पाणी, अन् धानाची एक बांधी भिजाच्या कामाचं नाही!" मावशीला हसू फुटलं. तिनं ते पदरात दाबलं, पण मी पाहिलं. तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि दोघी किंचाळून एकमेकींना बिलगल्या. पायाखालची वाळू सरकत होती तोवर घट्ट धरून होत्या. लाट ओसरली तशा बाजूला झाल्या आणि निमूटपणे आपापलं लुगडं पिळू लागल्या. मला वाटलं, आता जमेल. पण परतताना पुन्हा "तुह्या मायले सांग" सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. सिंहद्वारातून आत पाऊल टाकलं की समुद्राची गाज ऐकू येत नाही, असं आमच्यासोबतच्या पुजाऱ्यानं, तिथल्या पंड्यानं, सांगितलं. मला खरोखरच आली नाही, पण दोघींचे निरोप दोन्ही कानांनी ऐकत असताना मला दुसरं काय ऐकू येणार होतं! शतकानुशतकं पावलं पडून झिजलेल्या पायऱ्या, मान मागे टाकली तरी न संपणारं शिखर, आणि आत काळोखातून बघणारे ते मोठ्ठे गोल डोळे. त्या डोळ्यांना पापण्या नाहीत. आई हात जोडून पुटपुटली, "हा तं सगळं पाहून राहिला." मी देवाकडे काय मागितलं ते सांगायची गरज नाही.

दर्शन झाल्यावर पंड्या आम्हाला आवारातल्या आनंदबाजारात घेऊन गेला. तिथं देवाला दाखवलेलं अन्न मातीच्या मडक्यांतून मिळतं. सगळे जमिनीवर बसून एकाच पानात जेवतात. तिथं उष्टं नाही, जात नाही, आणि कुणीही दिलेल्या घासाला नाही म्हणायचं नाही. पंड्यानं केळीचं पान मांडून त्यावर मडकं पालथं केलं. भात मडक्याच्याच आकाराचा तसाच उभा राहिला, मऊ, एकजीव. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बाबांनी खाली मान घातली.

आईनं त्यावर डाळ घेतली, घास कालवला आणि माझ्यामार्फत नव्हे, थेट मावशीच्या तोंडासमोर धरला. मावशी हलेना.

"महाप्रसाद को ना नहीं कहते, माँ," पंड्या म्हणाला.

मावशी माझ्याकडे वळली. "तुह्या मायले सांग, देवाचं हाये म्हणून खाऊन राहिलो. तिच्या घरचं नोहे." आणि तिनं घास घेतला.

माझं मन एकदम खचलं. घासही घेतला आणि हट्टही शाबूत ठेवला! आता आई भडकणार म्हणून मी तिचा हात धरायला पुढं सरकले. पण आई मावशीचं चावणं बघत होती.

"कसा हाये वं, बाई?" तिनं विचारलं.

"गोड हाये."

"लय मऊ नाही झाला?"

"मऊच पायजे. देव म्हातारा झाला, त्याले दात कुठचे?"

आधी मावसाजी हसले, मग आम्ही सगळेच. आईला हसता हसता ठसका लागला. तो थांबल्यावर ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चुलीचं काही नव्हतं वं. म्या नवा तांदूळ घातला होता. घरच्या चिन्नोर धानाचा भात व्याह्यायले दाखवाचा होता मले."

"मालूम हाये. पहिल्या घासातच समजलं होतं."

"मंग एवढा राग?"

मावशीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "भाताचा नाही. मी खाऊन राहिलो होतो न. तूच म्हणली, नको खाऊ."

आईनं दुसरा घास कालवला आणि मावशीच्या तोंडाशी नेला. "आता खाय म्हणून राहिलो," ती म्हणाली.

मावशीनं तो खाल्ला. मी तिथंच, त्या गर्दीत, हमसून हमसून रडायला लागले. पंड्याला वाटलं, पोरीची भक्ती मोठी. मावशीनं उष्ट्या तोंडानंच मला जवळ ओढलं आणि आईला म्हणाली, "हळदीच्या आधी येतो मी. चार दिवस राहीन. भाताले तांदूळ कोणताबी घेजो; गिच्च झाला तरी खाईन."